लॅपटॉप स्लो झालाय, फॉरमॅट मारू का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, चालू व्हायला दहा मिनिटं घेतो आणि दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, म्हणजे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्यानं टाका. नका मारू. निदान काय अडलंय ते बघितल्याशिवाय तरी नका.

२०१७ साली आमच्या घरी हेच झालं. निवृत्तीनंतर बाबांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. सकाळचा चहा झाला की पीसीसमोर बसायचे, दोन बोटांनी टाइप करायचे. दीडशेच्या आसपास पानं झाली होती. पीसी फारच रखडायला लागला तेव्हा दादा म्हणाला, "फॉरमॅट मारला की नव्यासारखा पळतो." मी म्हणत होतो, आधी बघू तरी. पण दादाचा शब्द शेवटचा. दुकानातल्या मुलानं विचारलं, "डेटा डी ड्राइव्हला आहे ना?" दादा हो म्हणाला. बाबांना विचारलंच नाही. त्यांची फाइल डेस्कटॉपवर होती, म्हणजे फॉरमॅटमध्ये पुसल्या जाणाऱ्या सी ड्राइव्हमध्ये. गेली.

एका पेन ड्राइव्हवर साठेक पानांची जुनी कॉपी सापडली. ती उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, कारण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, नव्हता आणि तो जुना मराठी फॉन्टही फॉरमॅटमध्ये उडाला होता. फॉन्ट मी शोधून आणला. उरलेली पानं बाबांनी पुन्हा लिहिली नाहीत.

आणि पीसी? महिनाभरात पुन्हा तसाच. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून पाहिलं तर हार्ड डिस्कपुढे पिवळ्या रंगात धोक्याची खूण. डिस्क मरत आली होती, तिला फॉरमॅट काय करणार! तिच्या जागी एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली आणि तोच पीसी पुढे बरीच वर्षं चालला. दादा अजून म्हणतो फॉरमॅटनं फरक पडला होता. नव्हता पडला.

तुम्ही कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, कशावर किती ताण आहे ते तिथे दिसतं. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवांत आणि डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल, आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुखणं बहुतेक तिथेच आहे. एसएसडी टाका, बाकी खटाटोप नंतर. मेमरी भरलेली दिसली तर रॅम वाढवा. तिथल्याच स्टार्टअपच्या यादीत, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नको ते बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. 'पीसी फास्ट करा' म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअरं मी कुणाच्याही मशीनमध्ये ठेवत नाही. शटडाउनवर विसंबू नका, अधूनमधून रीस्टार्ट करा. विंडोजमधली फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही. पंखा घोंघावत असेल तर धूळ काढून घ्या, तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

आधीच एसएसडी असेल तर मात्र वरचं अर्धं तुम्हाला लागू नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती वाढत नाही. आणि व्हायरस खोलवर शिरला असेल तर फॉरमॅटच करावा लागतो, हे मलाही मान्य आहे.

तसं करायची वेळ आलीच तर सी ड्राइव्हमधलं युझर्स फोल्डर अख्खं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि घरात जो जो ते मशीन वापरतो त्याला त्याची फाइल तिथे उघडून बघायला लावा. मगच दुकानात न्या.