लॅब्राडोर चेंडू तोंडात धरतो पण परत देत नाही, फटाक्यांना घाबरतो. तो भित्रा आहे का?

तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून जाईना. घर रत्नागिरीत, कुत्रा दीड वर्षाचा, चेंडू उचलतो आणि घेऊन पळत सुटतो, दिवाळीत पलंगाखालून बाहेर आला नाही. त्यावर शेजारी म्हणतात, "भित्रं आहे, कसला शिकारी कुत्रा!" शेजाऱ्यांना सांगा, असलं काही बोलण्याआधी अशा कुत्र्याबरोबर एक हिवाळा काढा. मी काढलाय.

१९६९-७० चा हिवाळा. मी बारा वर्षांचा होतो. कर्ली खाडीच्या काठी आमचं गाव. आप्पाकाकांकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी होती आणि मुंबईहून आणलेला काळा लॅब्राडोर, खंडू. दिवाळी सरली की तलवार बदकं, थापट्या, चक्रांग अशी रानबदकं खाडीत उतरायची. रात्रभर कुठे कुठे चरायची आणि उजाडायच्या आत मोठ्या पाण्यावर परतायची. त्या वाटेवर होडी तिवरांत लावून आम्ही बसायचो. काका पुढे, वल्ह्यावर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा सतरा वर्षांचा. मी मागे, खंडूचा पट्टा धरून. बार झाला की त्याच्या अंगातून एक थरथर जायची, ती माझ्या मनगटापर्यंत यायची. पण काकांनी "जा" म्हणेपर्यंत पट्ट्याला ओढ म्हणून लागायची नाही. त्या वेळी त्याची नजर काकांकडेही नसायची. बदक जिथे पडलं तिथे खिळलेली असायची. काका वहीत मांडायचे. त्या मोसमात एकेचाळीस बदकं पडली आणि खंडूने एकोणचाळीस आणून दिली.

आता संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगतो. अष्टमी होती, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. अंधुक उजेडात तलवार बदकांची जोडी आली. काकांनी दोन्ही बार काढले. नर जागच्या जागी पडला. मादीच्या पंखाला छर्रा लागला आणि ती तिरकी तिरकी जात पलीकडच्या खाजणात उतरली. जखमी बदक फार चिवट असतं. बुडी मारतं, पाण्याखाली मुळं धरून राहतं, नुसती चोच वर ठेवतं. माणसाला सापडत नाही. काकांनी खंडूला सोडलं. तो खाडी पोहून गेला, तिवरांत शिरला आणि दिसेनासा झाला.

आम्ही तासभर थांबलो. काकांनी शिट्ट्या मारल्या. पाणी उतरायला लागलं, होडी चिखलात रुतायची वेळ आली, तेव्हा परतावं लागलं. घरी आल्या आल्या दादाने सांगून टाकलं, "कुत्रो भियान पळालो." लागोपाठच्या दोन बारांनी बिथरला, म्हणे. पट्टा माझ्या हातात होता. बिथरलेलं जनावर हाताला कळत नाही का?

मी जेवलो नाही. बांधावर बसून राहिलो. दुपारी बारापर्यंत ओहोटी, मग पाणी पुन्हा चढू लागलं, आणि चारच्या सुमाराला पलीकडून काळं डोकं येताना दिसलं. तोंडात मादी. काठावर आला, अंगही न झटकता सरळ काकांपाशी गेला आणि तोंड वर केलं. बदक जिवंत होतं. काकांनी पिसं फुंकून फुंकून पाहिली, पंखाचं हाड मोडलेलं, बाकी अंगावर दाताची एक खूण नाही.

आणि खंडूच्या अंगावर एक रेघ होती. खांद्यापासून शेपटीपर्यंत, रेघेच्या वर चिखल वाळून राखाडी झालेला, भेगा पडलेला. रेघेच्या खाली अंग धुतलेलं, काळंभोर. पाठीवरचा चिखल इतका वाळायचा तर काही तास उन्हात जावे लागतात. म्हणजे तो पाठीपर्यंत गाळात रुतला, पाणी येईस्तोवर बदक सांभाळत बसला, आणि पाणी पोहण्याइतकं झाल्यावर निघाला. दादा आजही लग्नाकार्यात सांगतो की कुत्रा घाबरून लपला होता आणि भूक लागली तेव्हा वाटेत सापडलेलं बदक घेऊन आला. लपलेला कुत्रा जिवंत बदक पकडतो? आणि भुकेला असता तर ते न खाता आणतो?

आता तुमचा चेंडू. त्याच्यामागे धावणं आधी बंद करा, तुम्ही धावलात की त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेने चालू लागा, तो येईल. तोंडातून ओढून तर कधीच काढू नका, ओढाताणीने कुत्रा चावून धरायला शिकतो. हनुवटीखाली हात धरा आणि तो स्वतः सोडेपर्यंत थांबा, बदल्यात भाकरीचा तुकडा द्या. काकांनी खंडूला नारळाच्या सोडणावर गोणपाट गुंडाळून शिकवलं, घर आणि गोठा यांच्यामधल्या बोळात, म्हणजे परत यायला एकच वाट. तीन-चार वेळा फेकायचं आणि त्याला अजून हवं असतानाच थांबायचं. मारायचं नाही. दादाने एकदा वल्ह्याने मारलं होतं, त्यानंतर खंडूने दादाच्या हातात कधी काही दिलं नाही.

खाडीत नेलंत तर खारं पाणी पिऊ देऊ नका, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, कान कोरडे करा. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाळ्याआधी द्या. भर उन्हात दमवू नका. आणि माझं वाचून कुणी बंदूक काढू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही परवान्यावर जे चालायचं, ते १९९१ च्या दुरुस्तीने बंद झालं. ते योग्यच झालं. त्या मादीची मान काकांनी पिरगळली तेव्हा मी तिथेच उभा होतो.

राहिला फटाक्यांचा प्रश्न. खंडूही दिवाळीत माजघरातल्या पेटाऱ्यामागे जाऊन बसायचा. दादा तेवढंच धरून बसलाय. पण बंदुकीच्या आवाजानंतर खंडूला काम असायचं, कुठे पाहायचं ते ठाऊक असायचं. फटाक्याच्या आवाजानंतर त्याच्यासाठी काहीच नसायचं. तुमच्या कुत्र्याला पलंगाखाली बसू द्या आणि तुम्ही शेजारी जमिनीवर बसा.