संस्थानी पलटणीतल्या पणजोबांचं शौर्यपदक खरं कोणतं हे कसं ओळखावं, आणि इंदूरमध्ये त्यांच्या नावाची शिळा कशी लावावी?

तुमचे पणजोबा होळकर संस्थानच्या पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात त्यांना शौर्यपदक मिळालं असं घरात सांगतात आणि पुढे ते इंदूरच्या रामबागेत हलाखीत वारले. घरात फीत नसलेलं एक पदक उरलं आहे आणि आता शिळा लावायची आहे, तर सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

सुरुवात पदकापासून करा. दगड, परवानगी, पाहुणे हे सगळं नंतर.

आधी मागची बाजू बघा. दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह असेल तर ते 'वॉर मेडल १९३९–४५', आणि भारताचा नकाशा असेल तर 'इंडिया सर्व्हिस मेडल'. ही दोन्ही सेवापदकं आहेत. ती लाखोंना मिळाली, शौर्यासाठी नव्हेत, आणि चांदीचीही नसतात, तांबं-निकेलच्या मिश्रधातूची असतात. मागे पुष्पचक्रात 'फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस' असेल तर ते इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. 'फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड' असेल तर मिलिटरी मेडल. ही दोन्ही चांदीची आणि खरोखर शौर्याची. घरोघरी सांगितला जाणारा 'व्हिक्टोरिया क्रॉस' (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) मात्र लगेच तपासता येतो, कारण त्याच्या मानकऱ्यांची संपूर्ण यादी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत तो दोघांना मिळाला: यशवंत घाडगे (१० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५), दोघांनाही इटलीत.

मग कड वाचा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटणीचं संक्षिप्त नाव ठोकलेलं असतं. अक्षरं पुसट असतील तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरपा धरून फोटो काढा. ब्रासो, चिंच, राख काही लावू नका. उठावदार चकाकीच्या नादात कडेवरचं नाव कायमचं झिजतं. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ कापड पुरे.

नंबर हाती आल्यावर पत्रव्यवहार. होळकरांची पहिली इंदूर इन्फंट्री ही पलटण संस्थान विलीन झाल्यावर भारतीय सैन्यात १५ कुमाऊँ (इंदूर) झाली, म्हणून अर्ज उत्तराखंडातल्या राणीखेतच्या कुमाऊँ रेजिमेंट अभिलेख कार्यालयाला, रजिस्टर्ड पोस्टाने. सोबत पदकाचे फोटो, पणजोबांच्या वडिलांचं नाव, मूळ गाव, अंदाजे भरतीचं वर्ष आणि तुमच्या नात्याचा पुरावा. नाव कडेवर आहे त्याच रोमन स्पेलिंगने लिहा. पवारचं 'पोवार' झालेलं असतं आणि आपण सुधारून लिहिलं की नोंद सापडत नाही. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे 'कागद उपलब्ध नाहीत' असं उत्तर येऊ शकतं. तिथे थांबू नका. 'लाँग रोल' नावाच्या कायम नोंदवहीतली नोंद स्पष्ट शब्दांत मागा.

शौर्यपदक असेल तर लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक ऑनलाइन फुकट शोधता येतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यू ओ ३७३' या मालिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांच्या शिफारशी आहेत. गॅझेटमध्ये बहुधा नुसतं नाव असतं. शिफारशीत त्या दिवशी माणसाने काय केलं ते असतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज या युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत मात्र वेळ घालवू नका. त्यात दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात मृत्यू झालेलेच आहेत.

हलाखीबद्दल थोडं सांगतो, कारण कुटुंबं याची उगीच लाज बाळगतात. सेवापदकाला एक पैसाही मिळत नसे. शौर्यपदकाचा भत्ता रुपयांत ठरलेला, महागाईबरोबर तो आपोआप वाढत नसे. साध्या शिपायाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षं नोकरी लागे. युद्धापुरते भरती झालेले थोडी एकरकमी रक्कम घेऊन घरी आले. त्यात १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि संस्थानी फौजेतल्या सगळ्यांना भारतीय सैन्यात घेतलं गेलं नाही. व्हिक्टोरिया क्रॉसवाले उमराव सिंह यांचीसुद्धा ब्रिटनकडून मिळणारी रक्कम १९६० पासून वर्षाला १६८ पौंडांवर अडकली होती. त्यांनी १९९५ मध्ये थेट ब्रिटिश पंतप्रधानांकडे विषय काढला तेव्हा ती १,३०० पौंड झाली. दोष त्या माणसांचा नव्हता, नियमांचा होता. हे शिळेवर लिहायची गरज नाही, पण घरातल्या मुलांना जरूर सांगा.

आता जागा. रस्ता, फुटपाथ, चौक विसरा: १८ जानेवारी २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे आणि बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी आहे. शाळा, वाचनालय किंवा ट्रस्टच्या इमारतीची भिंत घ्या आणि विश्वस्तांचा लेखी ठराव घ्या. तोंडी होकार पुढच्या रंगकामापर्यंतच टिकतो.

ओट्याला लावतात तो १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट नको. ४० मिलिमीटरचा घ्या, दोन फूट बाय दीड फूट पुरे. अक्षरं रंगवलेली नकोत, खोल कोरलेली हवीत, उंची किमान २५ मिलिमीटर. मागून चार स्टेनलेस स्टीलच्या पिना इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या चिकटद्रव्यात) बसवा. नुसत्या सिमेंटवर चिकटवलेली शिळा ओल येणाऱ्या भिंतीवरून सुटते. कोरण्याआधी मजकूर पूर्ण आकारात कागदावर छापून भिंतीवर लावा. संगणकावर रफार आणि जोडाक्षरं फुटतात आणि कारागीर समोर आहे तसंच कोरतो.

मजकूर एवढाच: हुद्दा, नाव, पलटण, पदक, जन्म-मृत्यूची वर्षं. राणीखेतचं उत्तर यायच्या आत शिळा लावायची असेल तर 'दुसऱ्या महायुद्धातील सैनिक' एवढं कोरा आणि खाली दोन ओळींची जागा कोरी सोडा. शिफारस सापडली की पदकाचं नाव तिथे नंतर कोरता येतं.