पहाटे साडेचारचा स्कोअर

मागच्या अंकात नाईट शिफ्टवाल्या पोरांच्या झोपेवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन मी बाजूला काढून ठेवली कारण तिन्हीत झोप उडायचं कारण एकच आहे, मोबाईलमधली टीम. पहिल्या पत्राला जास्त जागा देतोय. मी स्वतः सहा सीझन हा फॅन्टसी बेसबॉल नावाचा खेळ खेळलोय आणि त्या पोराला काय होतंय ते मला आतून कळतं.

प्रश्न : दादा, मी लातूरचा, वय 27. अमेरिकन क्लायंटचं काम घरूनच करतो, नाईट शिफ्ट. तिकडच्या टीममधल्या लोकांनी तीन वर्षांमागं मला त्यांच्या फॅन्टसी बेसबॉल लीगमधे घेतलं, 12 जण आहोत, पैसे वगैरे काहीच नाही, नुस्तं खेळायचं. यंदा मी पूर्ण सीझन एक नंबरला होतो. सेमीफायनलला रविवारी रात्री सहा-चारनं पुढं होतो, माझा एक पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, शिल्लक होता, समोरच्याचा पण एक. माझ्याला बेंचवर बसवावं का खेळवावं यात दोन तास गेले, शेवटी खेळवला, आणि त्यानं दोन इनिंगमधे सहा रन दिल्या. सोमवारी पहाटे साडेचारला मॅच सुरू झाली आन साडेपाचपर्यंत माझं सगळं संपलं. तीन-सातनं हरलो. तीन आठवडे झाले, नीट जेवण जात नाही, आईवर दोनदा ओरडलो, ती म्हणाली काय झालंय रे तुला, असं काहून करलालास, तर मला सांगता पण येईना, कारण सांगू काय, ज्या माणसाला मी कधी बघितलं नाही त्यानं बॉल नीट टाकला नाही म्हणून? लीगच्या ग्रुपवर पण मी तेव्हापासून काही बोललो नाही. मला वेड लागलंय का?

उत्तर : वेड बिड काही लागलेलं नाही, आधी ते डोक्यातून काढ. सहा महिने रोज जीव लावलेली गोष्ट तासाभरात हातातून गेली, तर वाईट वाटणारच.

बाकी वाचकांसाठी थोडं सांगतो. फॅन्टसी बेसबॉल म्हणजे सीझनच्या आधी मित्रांनी बसून खऱ्या मेजर लीगमधले, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमधले, खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि मग ते खेळाडू खऱ्या मॅचमधे जे करतील त्याचे आकडे आपल्या टीमला मिळतात. बऱ्याच लीगमधे दहा रकाने असतात, पाच बॅटिंगचे, पाच पिचिंगचे, आणि आठवडाभर एकाशी सामना, जो जास्त रकान्यांत पुढं तो जिंकला. पिचिंगमधला एक रकाना ईआरए, म्हणजे तुमच्या पिचर लोकांनी दर नऊ इनिंगला सरासरी किती रन दिल्या, तो जितका कमी तितका चांगला. तिकडं संध्याकाळी सातला मॅच लागली की आपल्याकडं पहाटेचे साडेचार, पश्चिमेकडच्या शहरातली असेल तर साडेसात. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत एकेका टीमच्या 162 मॅच होतात, म्हणजे जवळपास रोजच. आयपीएलचे दोन महिने कुठं आणि हे कुठं.

आता तुझ्या त्या रात्रीकडं येतो. तू पत्रात सगळे आकडे लिहिलेस ते बरं केलंस, मी वही घेऊन बसलो. तुझ्या 58 इनिंग, 22 रन, ईआरए 3.41. समोरच्याच्या 50 इनिंग, 20 रन, 3.60. स्ट्राईकआऊट, म्हणजे पिचरनं तीन स्ट्राईकमधे बाद केलेले बॅटर, त्या रकान्यात तू फक्त तीननं पुढं. आता धर की तू पिचर बसवला असता आणि समोरच्याच्या पिचरनं सहा इनिंग एकही रन न देता टाकल्या असत्या, तर त्याचा ईआरए 3.21 झाला असता, तुझा 3.41 वरच राहिला असता, स्ट्राईकआऊट पण गेले असते, आणि बसवूनसुद्धा तू चार-सहानं हरला असतास. झालं वेगळंच. त्याच्या पिचरनं दोन रन दिल्या, तो 3.54 वर थांबला, आणि तुझा 28 रन, 60 इनिंग करत 4.20 वर गेला. पण हे रविवारी रात्री अकराला तुला कुठं माहीत होतं? त्या वेळी जेवढं दिसत होतं त्यात खेळवणं पण बरोबर होतं आणि बसवणं पण. तू तीन आठवडे स्वतःला जी शिक्षा देतोयस ती चुकीच्या निर्णयाची नाहीये, पहाटे साडेपाचला जे कळलं ते रात्री अकराला का कळलं नाही याची आहे.

तू लातूरचा आहेस, तुला हे मोंढ्यात जास्त पटेल. 2021 च्या ऑगस्टमधे सोयाबीन दहा हजाराच्या आसपास गेलं होतं आठवतंय? त्यानंतर किती घरात माल दाबून ठेवला लोकांनी, परत चढेल म्हणून, आणि 2024 ला हमीभाव 4892 असताना बाजारात त्याच्या खाली विकावं लागलं. माझ्या मामांनी पोती दीड वर्ष ठेवली होती, मामी रोज त्या थप्पीला हात लावून बघायची, उंदीर लागला का म्हणून. शेवटी विकलं त्या दिवशी मामा मोंढ्यातून येऊन कुणाशी न बोलता झोपले. त्यांना कुणी वेडं म्हणलं नाही. त्यांचं पोट त्यावर होतं, तुझं नाहीये, तो फरक मोठाच आहे आणि तुलाही माहितीये, पण "ठेवलं नसतं तर" हे जे रात्रभर डोक्यात फिरतं ना, ते दोघांचं एकच.

आणि बेसबॉल हा खेळच असा आहे की त्यात हरणं भरपूर. दहातल्या तीन वेळा हिट मारणारा बॅटर तिथं भारी समजला जातो, म्हणजे सात वेळा तो मान खाली घालून परत येतो. मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमधे सीझनभर चाळीस टक्क्यांच्या वर राहणारा शेवटचा माणूस टेड विल्यम्स, 1941 मधे, .406 म्हणजे 40.6 टक्के, त्यानंतर तिथं कुणालाच जमलं नाही. 2024 ला लीगमधे सगळ्यात जास्त मॅच लॉस एंजेलिस डॉजर्सनं जिंकल्या, 98, वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, पण त्यांनीच घेतली, तरी 64 वेळा हरलेच. रोनाल्ड अकुन्या या बॅटरचं घे. 2023 ला 41 होम रन आणि 73 बेस चोरले, म्हणजे कुणी हिट न मारता स्वतःच पळून पुढचा बेस गाठला, असं एका सीझनला कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळं पुढच्या वर्षी ड्राफ्टमधे कित्येकांनी त्याला सगळ्यात आधी उचललं, आणि मे 2024 मधे बेसवरून पळताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, सीझन खलास. त्याला घेणारे चुकले होते का? मी पण घेतला होता. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात दहा मिनिटं उभा होतो, कुणाला फोन करावा तेच कळेना, कारण इथं संभाजीनगरात माझ्या ओळखीत अकुन्या कोण ते माहीत असलेला एक पण माणूस नव्हता.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ तीच आहे, ग्रुपवर बोललो नाही ही. अरे, जगात जी अकरा माणसं तुझं दुःख एका वाक्यात समजू शकतात त्यांच्यापासूनच तू लपतोयस. ज्यानं हरवलं त्याला आज मेसेज टाक, अभिनंदन कर आणि सांग की त्या पिचरनं माझी झोप घालवली. तो पण कधीतरी असाच हरलेला असणार. आईला पूर्ण खेळ समजवायची गरज नाही, मी एका स्पर्धेत शेवटी येऊन हरलो, मला लई लागलं, तुझ्यावर ओरडलो ते चुकलं, एवढं सांग, तिला बरोबर कळतं. आणि पुढच्या सीझनला अवघड निर्णय घेताना त्याचं कारण दोन ओळीत तेव्हाच लिहून ठेव. निकाल आल्यावर फक्त ते कारण तपास. कारण बरोबर निघालं तर वही बंद. मी तिसऱ्या सीझनपासून हे करतो, वाईट वाटायचं थांबलं नाही, पण आता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरतं.

प्रश्न : मी परभणीहून लिहितेय. आमचे हे पण असंच काहीतरी अमेरिकेतलं खेळतात, पैशाचं नाही हे मी खात्री करून घेतलंय. पहाटे अलार्म न लावता उठतात, अंथरुणातच मोबाईल, आणि त्यांच्या तोंडावरूनच कळतं आज घरात कसं राहायचं ते. मुलगी सात वर्षांची आहे, परवा तिनंच विचारलं, आज पप्पांची टीम जिंकली का, मग मी शाळेची फी मागू का. बंद करायला सांगू का?

उत्तर : ताई, तुमच्या मुलीचं ते वाक्य मी चार वेळा वाचलं. हा अंक घरात आणा आणि तेवढं वाक्य त्यांना वाचायला द्या, तुम्ही वरून काही बोलू नका.

बंद करा म्हणून सांगू नका, निदान आत्ताच नको. किती वेळा बघतात ते कमी करायला सांगा. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मधे मांडलं होतं की मिळाल्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख जास्त जड असतं, पुढं त्यांनीच हिशोब केला तो साधारण दुप्पट. आता बघा, दहा रकाने, रोज मॅच, आणि माणूस दिवसातून तीस वेळा बघतोय, त्यातल्या निम्म्या वेळा काहीतरी खाली गेलेलं दिसणारच, आणि ते खाली गेलेलं दुप्पट लागणार. आठवडा चांगला जाऊन सुद्धा माणूस पूर्ण आठवडा दुःखीच. 1980 मधे न्यूयॉर्कला डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी रोटिसरी लीग सुरू केली, त्यातूनच हा खेळ आजच्या रूपात पसरला, एका फ्रेंच हॉटेलात जमायचे म्हणून त्याचंच नाव दिलं. तेव्हा पेपरमधले आकडे बघून हातानं हिशोब करावा लागायचा. जीव त्यांचाही लागायचा, पण मधे गॅप होता. तो गॅप मोबाईलनं खाल्ला.

त्यांना एवढंच सांगा, टीम रात्री झोपायच्या आधी लावून ठेवायची आणि मुलगी शाळेच्या रिक्षात बसेपर्यंत स्कोअर उघडायचा नाही. मॅच तोपर्यंत बऱ्यापैकी संपलेल्या असतात, आकडे कुठं पळून जात नाहीत. पहिला आठवडा त्यांना अवघड जाईल, चिडचिड होईल, तेवढं धरून चाला. आणि शक्य असेल तर एखाद्या रविवारी मुलीला शेजारी बसवून एक खेळाडू तिला निवडू दे म्हणा. पप्पा कशामुळं खूश होतात ते तिला कळू दे, आत्ता तिला फक्त भीती कळतीये.

प्रश्न : बीड, वय 22. मी फॅन्टसी क्रिकेट पैसे लावून खेळायचो. 1 लाख 40 हजार गेले, त्यातले 60 मित्राचे आणि बाकी लोन ॲपचे. ते कॉन्टेस्ट बंद झाले तर आता एका चॅनेलवरून दुसऱ्या लिंकवर खेळतो, गेलेले तेवढे निघाले की सोडणार. घरी माहीत नाही. पोलिसांची पण भीती वाटते. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वरच्या दोन पत्रांसारखं नाहीये, म्हणून सरळ बोलतो. ते निघणार नाहीत. गेलेले काढायला म्हणून जे लावतोयस तेच तुला बुडवतंय, आणि ती लिंक चालवणारा तुझ्या याच वाक्यावर कमावतो.

ऑगस्ट 2025 मधे केंद्रानं पैशाच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला, म्हणून ते कॉन्टेस्ट बंद झाले. त्या कायद्यात शिक्षा गेम चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, नुस्तं खेळणाऱ्याला नाही, त्यामुळं त्या भीतीनं गप्प बसू नकोस. पण आता ज्या लिंकवर आहेस तिथं तुझे पैसे अडकले तर दाद मागायला समोर माणूसच नसणार, आज ती लिंक आणि चॅनेल दोन्ही काढून टाक. ॲपचे जे लोन आहे ते फेडायला दुसऱ्या ॲपचं घेऊ नकोस. कागदावर पूर्ण आकडा लिही, कुणाचे किती, कधी घेतले, एक रुपया न लपवता, आणि तो कागद घेऊन घरातल्या एका माणसासमोर बस. वडलांची भीती वाटत असेल तर आधी आई, नाहीतर मोठी बहीण, मामा, कुणी पण, पण घरातलं.

रात्री फार वाईट विचार येत असतील तर 14416 ला फोन कर, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री दोनला पण लागतो. आणि घरी सांगितलंस की मला दोन ओळी लिही. मित्राचे 60 हप्त्यानं कसे द्यायचे ते आपण पुढच्या अंकात बसून काढू, नाव छापणार नाही.