हिरडा-हिराकसच्या शाईवर काळी साय का धरते? तिचा पातळ पडदा अखंड काढता येईल का?

तुम्ही हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई केलीत, ती उघडी ठेवलीत आणि सकाळी वर काळी, चमकदार साय दिसली. शाई चांगली आहे, टाकू नका. ती साय म्हणजे खरं तर फारच सुंदर रसायनशास्त्र आहे.

हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, भरपूर असतं. युरोपात अशाच शाईसाठी ओकच्या झाडावरची मायफळं वापरत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. (फेरस आणि फेरिक ही लोहाचीच दोन रूपं.) फेरस लोह आणि टॅनिन यांचं मिश्रण फिकट असतं आणि पाण्यात विरघळलेलं राहतं. हवेतला ऑक्सिजन लागला की फेरसचं फेरिक होतं. फेरिक लोह टॅनिनच्या रेणूंना घट्ट धरतं, एकेका रेणूला धरायच्या जागाही अनेक, त्यामुळे जाळं विणलं जातं. ते काळं असतं आणि पाण्यात विरघळत नाही. ऑक्सिजन वरून येतो, म्हणून विणकामही वरच सुरू होतं. (काजळ आणि डिंकाच्या शाईवर अशी साय येणार नाही. तिथला काळा रंग कार्बनचा, हवेशी त्याचं देणंघेणं नाही.)

2013 साली मेलबर्न विद्यापीठात फ्रँक करूसो यांच्या गटाने फेरिक लोह आणि टॅनिक आम्ल (टॅनिनचाच एक प्रकार) थेट मिसळून घन कणांवर सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचा थर क्षणात बसवला. पण द्रवाच्या पृष्ठभागावर पडदा हवा असेल तर ही घाई नडते, कारण सगळं द्रावण एकदम काळं होऊन गाळ बसतो. 2018 मध्ये दक्षिण कोरियातल्या कैस्ट (KAIST) या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी म्हणूनच जुन्या शाईची रीत उचलली: सुरुवात फेरसने करायची आणि पुढचं काम हवेवर सोडायचं.

तुम्हीही तेच करा. हिराकस ताजं, हिरवट स्फटिकांचं घ्या. पिवळट-तपकिरी पूड झालेलं असेल तर त्यातलं बरंच लोह आधीच फेरिक झालेलं असतं. पाणी उकळून गार केलेलं वापरा, म्हणजे त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी राहील. काढा दोनदा गाळा. दोन्ही द्रावणं पातळ ठेवा, पसरट काचेच्या ताटलीत मिसळा आणि मग ताटलीला अजिबात हात लावू नका. खायचा सोडा घालू नका. आम्लता कमी झाली की फेरस फार झपाट्याने फेरिक होतं. थोडं मिश्रण छोट्या बाटलीत काठोकाठ भरून बूच लावून ठेवा. ताटलीत पडदा धरेल तेव्हाही बाटलीतलं बरंच फिकं दिसेल. वर्गात मला हा फरक दाखवायला फार आवडतो, मुलांना कारण आपोआप कळतं.

पडदा वरून चिमट्याने धरलात तर फाटेल. काचेची पट्टी कडेने तिरकी आत सरकवा, पडद्याखाली न्या आणि सावकाश वर उचला. मग दुसऱ्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात पट्टी तशीच तिरकी बुडवा, पडदा बहुधा सुटून तरंगतो. त्याच्या एका कोपऱ्यावर क जीवनसत्त्वाच्या द्रावणाचा थेंब टाकून बघा: फेरिकचं परत फेरस होतं, काळा रंग उतरतो आणि तेवढ्या भागातलं जाळं सुटतं.