बटण बंद तरी एलईडी मिणमिणतोय? आधी फेज कुठे तुटतोय ते बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की सिडकोतलं जुनं घर घेतलं, सगळीकडे ९ वॅटचे एलईडी लावले आणि आता पॅसेजमधला बल्ब बटण बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणतो, दुकानदाराने दोनदा बदलून दिला तरी तेच. तिसऱ्यांदा बदलायला जाऊ नका. बल्ब चांगलाय, भानगड वायरिंगमध्ये आहे. आणि त्यातली एक शक्यता अशी आहे की ती तपासेपर्यंत त्या होल्डरला घरात कुणी हात लावू नये.

बटण म्हणजे वायर मध्येच तोडायची नि जोडायची सोय, बाकी काही नाही. बल्बला दोन वायरी जातात, फेज (करंट आणणारी, हिला हात लागला की शॉक) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी), आणि दोन्हीपैकी कुठलीही तोडली तरी बल्ब विझतोच, म्हणून वायरमनची चूक वर्षानुवर्षं कळतच नाही. नियम असा की बटणावर फेजच तुटला पाहिजे. चुकून न्यूट्रल तुटत असेल तर बल्ब विझलेला दिसतो पण २३० व्होल्ट होल्डरपर्यंत येऊन थांबलेले असतात.

पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात हेच होतं. लाकडी पट्टीवरची वायरिंग, माझे काका दिवाळीच्या साफसफाईला बटण नीट बंद करून होल्डर पुसायला चढले आणि स्टुलावरून फेकले गेले, मनगट मोडलं, नशीब तेवढ्यावर निभावलं. नंतर बोर्ड उघडला तर बटणावर न्यूट्रल. त्या जागी साधा पिवळा बल्ब कित्येक वर्षं होता, त्याने कधी काही दाखवलं नाही, आणि दाखवणारही नव्हता, कारण ६० वॅटच्या बल्बला नीट पेटायला पाव अँपिअर लागतो, टंगस्टनची तार दोन हजार डिग्रीच्या वर तापली तरच उजेड. एलईडीला तापायचं काही नसतं, अगदी मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका करंट मिळाला तरी अंधारात तो दिसेल इतका उजेड देतो. म्हणजे गळती आधीपण होती, दिसायला लागली एलईडीमुळे.

हा करंट येतो कुठून, तर तीन ठिकाणं. पहिलं वर सांगितलं तेच, न्यूट्रल बटणावर. यात बल्बच्या एका टोकाला कायम फेज असतो आणि दुसऱ्या टोकाची वायर भिंतीतून थोडा थोडा करंट सोडत राहते, पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की अजून जास्त. दुसरं, बटणात बारीक लाल इंडिकेटर आहे का बघा. तो नियॉनचा बारीक दिवा असतो, बटण बंद असताना पेटतो, आणि त्याचा करंट तुमच्या बल्बमधूनच जातो. हा निरुपद्रवी प्रकार, साधं बटण टाकलं की संपलं. तिसरं, पॅसेज किंवा जिन्याचं टू-वे बटण, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करायची सोय. तिथे दोन वायरी एकाच पाईपमधून लांबवर शेजारी शेजारी जातात, एकीत फेज असला की घरची वीज सतत उलटसुलट दिशा बदलणारी (५० हर्ट्झची एसी) असल्यामुळे दुसरीतही थोडा करंट उतरतो, कपॅसिटर नावाच्या भागात उतरतो तसा, दोन्ही एकमेकींना कुठे जोडलेल्या नसल्या तरी. तुमचा बल्ब पॅसेजमधला आहे म्हणून मला याचीच शंका जास्त येते, पण शंकेवर सोडू नका.

तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा, नुसत्या टेस्टरवर जाऊ नका. तिन्ही प्रकारात बटण बंद असताना होल्डरवर टेस्टर थोडाफार पेटू शकतो, त्यामुळे अर्धे लोक घाबरतात आणि अर्धे "असंच असतं" म्हणून सोडून देतात. जाणकार वायरमन बोलवा, त्याला बोर्ड उघडायला लावा आणि टेस्ट लॅम्प (दोन सुट्या वायरी जोडलेला साधा बल्ब) लावून बटणाला फेज आलाय की न्यूट्रल हे समोर दाखवायला सांगा. नुसत्या वायरीच्या रंगावर विश्वास नको, लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल हे खरं, पण जुन्या घरात उरलेल्या तुकड्यांनी काम उरकलेलं असतं. न्यूट्रल निघाला तर बोर्डातच अदलाबदल होते, बऱ्याचदा अर्ध्या तासाचं काम. पण मग एका बटणावर थांबू नका, ज्याने एक चुकवलं त्याने बाकीचीही तशीच केलेली असू शकतात, सगळी बघून घ्या.

टू-वेचा प्रकार निघाला तर धोका नाही. दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावून बघा, काहींच्या आत हा बारीक करंट जिरवायला रेझिस्टर असतो आणि मिणमिणणं थांबतं. नाहीतर वायरमनकडून बल्बच्या जोडीला छोटा कपॅसिटर टाकून घ्या. काही जण झिरोचा बल्ब जोडून देतात, त्यानेही थांबतं, पण झिरो नावालाच झिरो, १२ ते १५ वॅट खातो, म्हणजे एलईडीपेक्षा जास्त, मला तो उपाय पटत नाही.

बिलाचं विचारलंत, तर या मिणमिणण्याने वर्षाला एखादा युनिट जळला तरी खूप.

वायरमन येईपर्यंत त्या बल्बला हात लावायची वेळ आलीच तर बटणावर विसंबू नका, मेन स्विच खाली करा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा असेल तर उत्तमच. घरात म्हातारी माणसं आणि पोरं असतील तर त्यांनाही आजच सांगून ठेवा.