चार महिन्यांच्या खंडानंतर पहिल्या दिवशी किती बैठका?

भावा, पावसाळ्यात डेंग्यू झाला, तेव्हापासून चार महिने कुस्तीची तालीम सुटली आणि आता दर सोमवारी पहाटेचा गजर बंद करून परत झोपतोस, असं तू लिहिलंयस. मला यात आळस कमी आणि धास्ती जास्त दिसते. तुझ्या डोक्यात अजून 300 बैठकांचा जुना आकडा बसलाय. तो झेपणार नाही हे अंगाला कळतंय, म्हणून अंग उठत नाही.

मीही हे केलंय. बहिणीच्या लग्नात तीन महिने खंड पडला. परत गेलो तर पोरं बघत होती, मग काय, पहिल्याच दिवशी 200 मारल्या. मारताना काहीच वाटलं नाही, तिथंच फसलो. तिसऱ्या दिवशी घरचा जिना कठडा धरून उलटा उतरलो. संडासात बसायचे हाल तर विचारूच नकोस. त्यानंतर पंधरा दिवस तालमीकडं फिरकलो नाही.

खंड पडला की आधी दम जातो, दोन-तीन आठवड्यांतच. ताकद बरीच टिकते, म्हणून पहिल्या दिवशी आकडा गाठताही येतो. पण ठणका वाढतो तो पुढच्या 24 ते 72 तासांत. त्यामुळं किती वाढवायचं ते त्याच दिवशी ठरवू नकोस, परवा जिना उतरताना ठरव. स्नायू लवकर परत येतात, गुडघ्याच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, मात्र मागं राहतात. त्यांच्यासाठी थांबावं लागतं.

दुसऱ्या वेळी वस्तादांनी माझ्या हातात नुसतं फावडं दिलं. चार दिवस हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायचा, बास. कोपऱ्यातली माती घट्ट बसलेली, फावडं मारलं की खट्कन वाजायचं. मातीत मिसळलेल्या हळद-ताकाचा वास नाकात गेला आणि पाठ-खांदे आपोआप मोकळे झाले. मोजायला आकडाच नव्हता, त्यामुळं लाजही नव्हती.

मग 20 बैठका, 10 जोर. एक दिवस आड. तीन वेळा तेवढंच, त्यानंतर दहा-दहानं वाढ. अजून माराव्या वाटल्या की थांबायचं, ही सगळ्यात अवघड गोष्ट. लंगोट आणि टॉवेल रात्रीच गाडीला अडकवून ठेव. कोल्हापुरातल्या गंगावेशच्या दूध कट्ट्यावर भेटणाऱ्या एखाद्या गड्याला "सकाळी हाक मार" म्हणून सांगून ठेव, गजरापेक्षा ते बरं.

तुझं दुखणं डेंग्यूचं होतं. त्यानंतरचा थकवा कित्येक आठवडे राहू शकतो, तेव्हा आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. आणि बैठकांनंतर मांड्या सुजून लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येतो, तिथं मर्दुमकी नको.

सोमवारची वाट बघू नकोस, उद्याच जा. वस्ताद "इतकं दिवस कुठं होतास?" विचारतीलच. "ताप होता" एवढंच सांग, बाकीचं खाली मान घालून ऐकून घे.