टॉर रिलेवर नजर ठेवणाऱ्या टूलची बीटा चाचणी करायला प्रोग्रामिंग यायला हवं का?

तुम्ही विचारलंय की, तुम्ही एक टॉर रिले (कोण काय वाचतं ते लपवणाऱ्या टॉर नेटवर्कमधली रहदारी पुढे पोचवणारा सर्व्हर) चालवता, एका डेव्हलपरने त्याच्या नव्या टर्मिनल मॉनिटरची, म्हणजे रिलेची स्थिती पडद्यावर अक्षरांत दाखवणाऱ्या टूलची, बीटा (अजून कच्ची) आवृत्ती वापरून बघायला बोलावलंय, पण तुम्हाला कोड लिहिता येत नाही. मग तुमचा काही उपयोग होईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

उपयोग होईल, आणि भरपूर होईल. मला पायथनची एक ओळ लिहिता येत नाही, तरी मी अशाच एका टूलची चाचणी चार महिने केली. फोंड्यात एका छापखान्यात मी मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, देवस्थानांचे अहवाल, असं सगळं. रिले मावसभावाने शिकवला. तो वेर्ण्याला एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. कोण काय वाचतं याची नोंद दुसऱ्या कुणी ठेवू नये, एवढं मला मनापासून वाटतं. त्यासाठी महिन्याकाठी थोडे पैसे आणि थोडा वेळ द्यायला माझी तयारी आहे.

रिले घरी ठेवायचा बेत होता, तो जमला नाही. आमच्या घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे बाहेरून रिलेपर्यंत कुणाला पोचताच येत नाही. म्हणून भाड्याचा सर्व्हर घेतला. एक्झिट, म्हणजे टॉरमधून बाहेरच्या इंटरनेटवर जाणारा शेवटचा रिले, नाही, फक्त मधला रिले. दुसऱ्या रिलेकडून आलेली पाकिटं घ्यायची आणि पुढच्या रिलेला द्यायची.

या प्रकारच्या टूलमध्ये सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे निक्स. पूर्वी त्याला आर्म म्हणत. टॉरच्या कंट्रोल पोर्टला, म्हणजे चालत्या टॉरशी बोलायच्या दाराला, जोडून घ्यायचं आणि बँडविड्थचा आलेख, लॉग, चालू कनेक्शनं, सेटिंग असं सगळं काळ्या पडद्यावर अक्षरांत दाखवायचं, हे त्याचं काम. मी तपासलं ते टूल निक्स नव्हतं, त्याच धर्तीवर एका परदेशी माणसाने एकट्याने लिहिलेलं होतं. नाव देत नाही. त्याने चुका दुरुस्त केल्या आहेत, आणि जुन्या चुकांसाठी त्याचं नाव इथे येणं बरं नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट करा, ती टाळू नका. कंट्रोल पोर्ट म्हणजे नुसती खिडकी नाही, घराची किल्ली आहे. तिथे एकदा ओळख पटली की ते टूल आकडे वाचू शकतं, तसंच सेटिंग बदलू शकतं आणि टॉर बंदही करू शकतं. कच्च्या टूलच्या हातात चालत्या रिलेची किल्ली देऊ नका. शक्य असेल तर चाचणीसाठी वेगळा छोटा रिले उभा करा आणि दोन्हींच्या सेटिंगमध्ये मायफॅमिली या ओळीत एकमेकांची नोंद करा, म्हणजे एकाच माणसाचे दोन रिले एका मार्गात येत नाहीत. ९०५१ हा कंट्रोल पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवायचा नाही, ओळख कुकीने (टॉर स्वतः लिहितो त्या गुप्त फाइलने) पटवायची, आणि टूल रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, म्हणून कधीच चालवायचं नाही. डेबियन या लिनक्सवर टॉर ज्या नावाने चालतो, त्या डेबियन-टॉर वापरकर्त्याच्या गटात आपलं खातं घातलं की बहुतेक काम होतं. कनेक्शनांची यादी रिकामी दिसली तर लगेच बग समजू नका. टॉर आपल्या प्रक्रियेत दुसऱ्याला डोकावू देत नाही, त्यामुळे यादी भरायला बऱ्याचदा टूल टॉरच्याच नावाने चालवावं लागतं.

नवा रिले उभा केलात तर पहिले दिवस आलेख जमिनीला चिकटलेला दिसेल. टूल बिघडलंय असं मलाही वाटलं होतं आणि तक्रार लिहायला घेतली होती. पण ती नेटवर्कचीच रीत आहे. नवीन रिलेची क्षमता आधी मोजली जाते, सुरुवातीचे तीनेक दिवस त्याच्याकडे नावापुरतीच रहदारी येते, पुढे हळूहळू वाढते. गार्डचा झेंडा, म्हणजे वापरणाऱ्यांचा पहिला टप्पा होण्याची खूण, तर आठ दिवसांच्या आत मिळतच नाही. तेव्हा टूल जे दाखवतं ते खरं की खोटं, हे ठरवायला दुसरा पुरावा हाताशी लागतो. आम्ही मुद्रित मूळ प्रतीशेजारी ठेवूनच वाचतो, तसं. टॉर दर सहा तासांनी स्वतःच्या लॉगमध्ये एक ओळ लिहितो, किती वेळ चालू आहे, किती पाठवलं, किती घेतलं. तीच तुमची मूळ प्रत. टूलचा एकूण आकडा आणि ही ओळ शेजारी शेजारी ठेवा. कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर खातो ते दाखवणारी सर्व्हरवरची टॉप कमांड ही दुसरी प्रत, कारण नजर ठेवणाऱ्या टूलनेच सर्व्हर दमवला तर काय फायदा?

मला सापडलेली पहिली खरी चूक अर्ध्या तासाची होती.

टॉरमध्ये रिलेंची एक अधिकृत यादी असते, तिला कन्सेन्सस म्हणतात. मोजके डिरेक्टरी ऑथॉरिटी सर्व्हर दर तासाला मतदान करून ती काढतात. जागतिक वेळेप्रमाणे तासाच्या ठोक्याला नवी यादी लागू होते. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे ती दर साडेच्या ठोक्याला लागू होते, साडेदहा, साडेअकरा, साडेबारा. सर्व्हरचं घड्याळ मी भारतीय वेळेवर लावलं होतं. टूलच्या वरच्या पट्टीत, हातातली यादी कधीपर्यंत ताजी आहे ते लिहून येई. एका सकाळी तिथे ११:०० दिसलं. टॉरच्या डेटा फोल्डरमधली यादीची फाइल उघडली, तर तिच्या वरच्या ओळींत तीच मुदत ०६:०० लिहिलेली, जागतिक वेळेप्रमाणे. सहात साडेपाच मिळवले की साडेअकरा. टूल सांगत होतं अकरा.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, दर वेळी बरोबर अर्ध्या तासाने मागे. मग मी एकच काम केलं. घड्याळ नेपाळच्या वेळेवर लावलं, कारण नेपाळ जागतिक वेळेच्या पावणेसहा तास पुढे आहे. आता चूक पाऊण तासाची झाली. टूल फक्त पूर्ण तास मोजत होतं, वरची मिनिटं सोडून देत होतं. हे सांगायला कोड वाचावा लागला नाही. डेव्हलपर जिथे राहतो तिथे वेळेतला फरक पूर्ण तासांचा आहे, त्याला ही चूक जन्मात दिसली नसती. तुम्ही कुठे बसून बघता, याला या कामात फार किंमत आहे.

दुसरी चूक पावसाने दाखवली. जूनच्या शेवटी फोंड्यात वीज कशी जाते-येते ते इकडच्या माणसांना सांगायला नको. टूल उघडून मी आलेख बघत होते, घराजवळच्या ट्रान्सफॉर्मरवर आवाज झाला, काळोख झाला, राउटर गेला, सर्व्हरशी जोडणी तुटली. दीड तासाने वीज आल्यावर परत आत गेले आणि सवयीने टॉप लावलं. सर्व्हरवरचं टूल मरायला हवं होतं, ते जिवंत होतं आणि प्रोसेसरचा ९८ टक्के भाग खात होतं. समोर पडदाही नव्हता, कळफलकही नव्हता, तरी ते कळ दाबली जाण्याची वाट बघत फिरत राहिलं होतं. त्या दीड तासात रिलेची रहदारी निम्म्यावर आली होती. त्यानंतर मी हा प्रसंग मुद्दाम घडवून आणला, राउटरचा प्लग काढून, पाच वेळा. पाचपैकी चार वेळा तेच झालं. एकदा झालं नाही, तेही मी लिहून कळवलं. चुकीचं कारण त्या एका वेळेतच सापडलं, असं डेव्हलपरने नंतर सांगितलं. तेव्हा मी लॉगचं पान उघडं ठेवलं होतं, बाकी चार वेळा आलेखाचं.

देवनागरीचं थोडक्यात सांगते. टॉरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी स्वतःसाठी मराठीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. टूलमध्ये ती फाइल उघडली की टिपांच्या ओळींची उजवी चौकट वेडीवाकडी व्हायची. ‘फोंडा’ हा शब्द संगणक पाच चिन्हं म्हणून मोजतो, फ, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ड आणि काना. पडद्यावर तेवढी जागा लागत नाही, अनुस्वार तर ओकारावरच बसतो. छापखान्यातल्या माणसाला हे आधीच माहीत असतं. कळवलं, सुधारलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात तिसऱ्याच माणसाचं नुकसान होऊ शकतं.

रिलेला गार्डचा झेंडा मिळाला की तो वापरणाऱ्यांचा पहिला टप्पा होतो. म्हणजे कनेक्शनांच्या यादीत आता नुसते दुसरे रिले नसतात, खरी माणसं असतात, त्यांच्या घरच्या पत्त्यांसह. रिलेंचे पत्ते जाहीरच असतात, ते दिसले तर बिघडत नाही. माणसांचे दिसता कामा नयेत. निक्स असे पत्ते झाकतं, आणि टॉरसुद्धा लॉगमध्ये नाजूक पत्ते झाकूनच लिहितो. मी तपासत होते ते टूलही झाकायचं, कन्सेन्ससच्या यादीत नसलेला पत्ता आला की तिथे तारे यायचे.

माझ्या रिलेला तो झेंडा सव्वा महिन्याने मिळाला. त्या संध्याकाळी यादी वरून खाली वाचत होते. तारे, तारे, तारे, आणि मग मधेच एक लांबलचक पत्ता, आठ गटांचा, मध्ये दुबिंदू. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी पत्ता. खाली आणखी दोन. जुन्या पद्धतीचे आयपीव्ही४ पत्ते टूल नीट झाकत होतं, आयपीव्ही६ उघडे ठेवत होतं. कुणीतरी कुठेतरी आपल्या घरी बसून, आपण कोण ते कळू नये म्हणून टॉर उघडलेला, आणि त्याचा पत्ता माझ्या पडद्यावर. मी टूल तिथल्या तिथे बंद केलं. त्या दिवशी मी पडदा साठवणारं काही चालू ठेवलं नव्हतं ना, ते दोनदा तपासलं.

अशा वेळी स्क्रीनशॉट काढायचा नाही. पुरावा म्हणूनही नाही, ‘फक्त डेव्हलपरला’ म्हणूनही नाही. मी त्याला खासगी मेल केला आणि सार्वजनिक बग-यादीत एक अक्षर टाकलं नाही, कारण ते टूल आणखी बरेच जण चालवत होते. मेलमध्ये खरा पत्ता दिला नाही. आयपीव्ही६ मध्ये २००१:डीबी८ ने सुरू होणारे पत्ते फक्त कागदपत्रांत उदाहरण देण्यासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यातला एक घेऊन, ओळ कशी दिसली ते मी हाताने टाइप करून दाखवलं. एवढं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त आवृत्ती आली.

तुम्ही काहीही कळवताना हाच नियम ठेवा. आलेखाचा स्क्रीनशॉट चालेल, कनेक्शनांच्या पानाचा नाही. लॉग पाठवायचा तर ओळ न् ओळ स्वतः वाचून पाठवायचा. बग जास्त स्पष्ट दिसावा म्हणून टॉरचं सेफलॉगिंग (लॉगमधले नाजूक पत्ते झाकणारी सेटिंग) बंद करायला कुणी सांगितलं तर करू नका.

तक्रार कशी लिहायची, तर माझं इंग्रजी बेताचं आहे, म्हणून मी छोटी वाक्यं लिहायचे. त्या विजेच्या प्रसंगाची तक्रार मराठीत सांगायची तर अशी होती: ‘डेबियन १२, टॉर ०.४.८. टर्मिनल ८० रकाने, २४ ओळी. टीमक्स नाही. आलेखाचं पान उघडं. राउटरचा प्लग काढला. दहा मिनिटांनी दुसऱ्या जोडणीवरून पाहिलं. टूल चालू, प्रोसेसर ९८ टक्के. ते बंद व्हायला हवं होतं. पाचपैकी चार वेळा.’ बस्स. (टीमक्स म्हणजे जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम.) ‘टूल हँग होतं’ असं लिहिलं असतं तर त्याला दहा प्रश्न विचारावे लागले असते, आणि पाऊसही संपला असता. कारण काय असेल याचा अंदाज मी कधी लिहिला नाही. काय केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं आणि किती वेळा, एवढंच.

रोज किती वेळ जातो म्हणाल तर मी जेवणं आटोपल्यावर वीसेक मिनिटं बघायचे. चवथीच्या आठवड्यात अजिबात नाही, तेव्हा घर भरलेलं असतं. त्या आठवड्यात टूल टीमक्समध्ये नुसतं चालू ठेवून दिलं आणि विसर्जनानंतर किती मेमरी घेतंय ते पाहिलं. लक्ष न देता चालू ठेवणं हीसुद्धा चाचणीच आहे, त्यासाठी पहिल्या दिवशीचा आकडा मात्र वहीत लिहून ठेवा.

तुमच्या रिलेला किती महिने झाले ते तुम्ही लिहिलं नाही. गार्डचा झेंडा आधीच असेल तर टूल चालू करायच्या आधी त्या डेव्हलपरला एकच प्रश्न विचारा, वापरणाऱ्यांचे आयपीव्ही६ पत्ते झाकले जातात का? स्पष्ट ‘हो’ येईपर्यंत कनेक्शनांचं पान उघडू नका, आलेखापासून सुरुवात करा.